स्थळनाम आणि साक्ष

चरित्रग्रंथात उल्लेखिलेली गावे प्रत्यक्ष भूमीवर सापडली की त्यातील घटनाही घडल्याच असतील, असे अनुमान धर्मसाहित्याच्या अभ्यासात वारंवार काढले जाते. गाव सापडले नाही, तर तोच युक्तिवाद उलट्या दिशेने चालवला जातो. दोहोंतील गफलत एकच आहे. स्थळनाम प्रथमतः निवेदकाच्या भूगोलज्ञानाची साक्ष देते, घटनेची नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान यार्देनेपलीकडील बेथानी येथे असल्याचा उल्लेख आहे. जवळजवळ सर्व प्रतींत हाच पाठ आहे, हे तिसऱ्या शतकातील भाष्यकार ओरिगेनने मान्य केले. तथापि नदीकाठी या नावाचे गाव नाही म्हणून त्याने ‘बेथबारा’ हा पाठ ग्राह्य मानला. त्या नावाचा त्याने लावलेला ‘सिद्धतेचे घर’ हा अर्थही त्याला योहानाच्या कार्यास अनुरूप वाटला. पुढे हा पाठ अनेक हस्तलिखितांत रूढ झाला. नकाशा पाहून दुरुस्त केलेला ग्रंथ नकाशाशी जुळतो, यात नवल नाही. मात्र अशी जुळणी पुरावा ठरत नाही.

हाच प्रश्न वऱ्हाडात ‘लीळाचरित्रा’च्या संदर्भात उभा राहतो. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील शिष्यांकडून मिळवल्या आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, परंपरेनुसार शके १२०० च्या सुमारास, त्या ग्रथित केल्या. मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाल्यावर ग्रंथ स्मरणाधारे पुन्हा सिद्ध झाला आणि त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. आजचे मेहकर त्यात ‘मेघंकर’ आहे, अचलपूर ‘अळजपूर’. अशी जुनी रूपे पाठाच्या प्राचीनत्वाकडे निर्देश करतात. परंतु रिद्धपूरचे ‘ऋद्धिपूर’ व्हावे, यामागे अर्थपूर्ण नावाची तीच ओढ असू शकते, जी ओरिगेनला होती.

चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ चक्रधरांच्या वास्तव्याची व विहाराची स्थाने दिशांसह नोंदवते. देवळाचे दार कोणत्या दिशेस, ही माहिती सिद्धान्तासाठी अनावश्यक असल्याने ती विश्वसनीय वाटते. तथापि यात्रेकरूला ती आवश्यकच असते. शिवाय पोथी व चरित्र एकाच पंथाच्या स्मृतीतून आलेली असल्याने त्यांचा मेळ म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. खरी जमेची बाजू वेगळी आहे: भिन्न आठवणी एकमेकींत न मिसळता त्यांना पाठभेद म्हणून शेजारी जागा देण्याची वृत्ती या परंपरेत दिसते. मतभेद जपणारी स्मृती, मतभेद पुसणाऱ्या स्मृतीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

येथे संपादनाचा प्रश्न नैतिक होतो. अपरिचित नावाच्या जागी परिचित नाव घालणारा संपादक वाचकाची सोय करतो, पण पुढील संशोधकाच्या हातून एकमेव पुरावा काढून घेतो. परधर्माच्या ग्रंथातील विसंगतीला ‘असत्य’ आणि आपल्या ग्रंथातील विसंगतीला ‘पाठभेद’ म्हणणे, हीदेखील याच अप्रामाणिकपणाची दुसरी बाजू होय.

स्थानावरील ओट्यापुढे माथा टेकणारा भक्त तेथे इतिहासाचे प्रमाणपत्र मागत नाही. अभ्यासकाने ते देऊ करू नये आणि त्याच्या अभावावरून श्रद्धेचा उपहासही करू नये. या ठिकाणी काय घडले, याहून या ठिकाणी काय आठवले गेले आणि केव्हापासून, हे सांगणे मर्यादित आहे. पण तेवढेच त्याला प्रामाणिकपणे सांगता येते.