तोंडीलावणं

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर सासू-सुनेनं मिळून साठेक ग्रामप्रिया कोंबड्या पाळल्या होत्या. परसात पाळायला ही जात चांगली. पण अंड्यावरच्या कोंबडीच्या खर्चात १० रुपयांतले ६-७ रुपये खाद्यावरच जातात, त्यामुळे पोत्याचा भाव चढला की दोघींचे चेहरे उतरायचे.

बांधावर शेवगा होता. त्याचा पाला खाद्यात मिसळला की अंडं सुधारतं, असं सुनेच्या कानावर आलं. त्यात खोटं काही नाही. उन्हात पाल्यातलं रंगद्रव्य उडतं म्हणून तिनं तो पडवीत जुन्या लुगड्यावर पसरून सावलीत वाळवला, काड्या वेचल्या, हातानं चुरला आणि मूठमूठ खाद्यात घातला. दोन आठवड्यांत फिका बलक गडद पिवळा दिसू लागला. (झेंडूनंही असाच रंग चढतो, खाद्याच्या कंपन्या झेंडूचा अर्क वापरतात.) बाजारात गिऱ्हाईक हिचीच टोपली शोधत यायचं.

मुठीनं एवढं, तर सुपानं किती? पोत्यातलं खाद्य घटत गेलं, पाला वाढत गेला. सासूबाई रोज शिंपल्यांच्या चुऱ्याची वाटी ठेवायच्या, तीही सुनेनं उचलली. "आत्या, पाल्यातच कॅल्शियम हाय. उगं पैसं कशाला घालवायचं?"

एके सकाळी खुराड्यात हात घातला तर अंड्यात बोटं रुतली. कवच कसलं, नुसता पापुद्रा. मग अंडी कमी झाली, आणि दोन कोंबड्या बसल्या त्या उठेचनात.

"घाला आता कुऱ्हाड त्या शेवग्यावर!" सासूबाई कडाडल्या.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी ताटलीत दोन अंडी फोडली, एक यांचं, एक शेजारणीचं. शेजारणीचा बलक फिकट होता, पण कवच खडखडीत.

"रंग झकास आहे, ताई. पण त्यावरनं कोंबडीनं काय खाल्लं तेवढंच कळतं, तिची तब्येत नाही," ते म्हणाले. "एका कवचाला २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. कोंबडी दिवसाला खाणार १०० ते १२० ग्रॅम. त्यात पाला भरला की चोथ्यानंच पोट भरतं, दाणा मागं राहतो. पाल्यातल्या कॅल्शियमवर कवच भागत नाही. मग ती स्वतःच्या हाडातलं काढून अंड्याला देते. पाय गेले ते त्यानं."

सासूबाईंनी विचारलं, "मग झाडं तोडायची ना?"

"तोडताय कशाला, आजी? पाला गुणाचाच आहे. तुम्ही तोंडीलावण्याचं जेवण केलंत, एवढंच."

आता त्या घरात १०० किलो खाद्याला ५ किलोच वाळला पाला पडतो. शिंपल्यांची वाटी दुपार कलल्यावर भरली जाते, कारण कवच मुख्यतः रात्री घडतं आणि कोंबडीला तेव्हाच कॅल्शियम हवं असतं. ती भरायचं काम सून करते, सासूबाईंनी न सांगता.

बसलेल्या दोन कोंबड्यांपैकी एक उठली, दुसरी गेली. बाकीच्यांची कवचं हळूहळू घट्ट झाली. बलकाचा रंग मात्र थोडा उतरला, आणि त्यापायी बाजारातली दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच.