मध्येच तुटलेला धागा

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १ ते ४



दोन दिवस चिंतन आलं नाही म्हणून काही जणांनी मेसेज केले. कारण सांगतो. आमच्या कोपरखैरण्याच्या भजनी मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतायत. पुढच्या महिन्यात वाशीला हॉल घेतलाय आणि रोज रात्री नऊ ते अकरा तालीम चाललीये. ऐरोलीचं ऑफिस सुटून, घरी येऊन, दोन घास खाऊन पेटीसमोर बसेपर्यंत अंगात काही उरत नाही. मी पेटी वाजवतो, आणि अण्णा गेल्यापासून गातोही. अण्णा म्हणजे माझे वडील. कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. दिवसभर पाठीवर गोण्या आणि एकादशीला रात्रभर गळ्यात वीणा. ज्या पाच जणांनी मंडळ काढलं त्यातले एक.

कार्यक्रमाला स्मरणिका निघतेय. मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, 'तू लिहितोस ना रोज मोबाइलवर' म्हणून. दोनच पानं आहेत. सोपं वाटलं होतं, पण पंधरा दिवस एका परिच्छेदावर अडलोय. आजचे श्लोक वाचताना कळलं की का अडलोय.

आधी श्लोक बघू. कृष्ण अर्जुनाला या योगाचा इतिहास सांगतोय. मी हा योग विवस्वानाला सांगितला, त्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला, आणि पुढे राजर्षींना तो परंपरेने कळत गेला. इथपर्यंत हे कुठल्याही स्मरणिकेत शोभेल. संस्थापक, दुसरी पिढी, तिसरी पिढी. पण दुसऱ्याच श्लोकात भगवंत सांगतात की पुष्कळ काळ लोटला आणि हा योग इथे नष्ट झाला. नष्ट हाच शब्द आहे बरं का. 'जरा मागे पडला' वगैरे नाही.

गीता जयंतीच्या पाठांतर स्पर्धेत मला शाळेत बक्षीस मिळालंय, म्हणजे हा श्लोक मी वीस वर्षं म्हणतोय. पण त्या शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो. परंपरेचा जो मूळ पुरुष, तोच म्हणतोय की धागा मध्ये तुटला होता. त्याला काय, सहज झाकता आलं असतं! अर्जुन कुठे तपासायला जाणार होता? पण तो झाकत नाही. आणि तिसऱ्या श्लोकात म्हणतो की तोच जुना योग मी तुला आज सांगतोय, कारण तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस. पुरातन आणि आज, दोन्ही शब्द एकाच श्लोकात.

तालमीच्या दिवसांत मी ट्रान्सहार्बरला हेडफोन लावून एकच बँड ऐकतोय, तो इथे आठवला. बँडचं नाव 'शक्ती'. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळाला तेव्हा तुम्हीही स्टेटस ठेवले असतील. त्यात आपल्याकडचा माणूस आहे ना, शंकर महादेवन! चेंबूरला वाढलेले, नवी मुंबईच्या रामराव आदिक कॉलेजातून १९८८ ला इंजिनीअर झालेले, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून गाण्यात आलेले. (ऐरोलीत बसून कोडिंग करणाऱ्या प्रत्येक गाणाऱ्या पोराला ही गोष्ट पाठ असते.) गुरू श्रीनिवास खळेकाका. लहानपणी वाद्य कुठलं शिकले, तर वीणा. 'कट्यार'मधले पंडितजी तर तुम्हाला माहीतच आहेत.

या 'शक्ती'ने २०२३ मध्ये पन्नाशी साजरी केली. जगभर दौरा काढला. मी आधी समजत होतो की पन्नास वर्षं म्हणजे पन्नास वर्षं, सलग. नीट वाचलं तर तसं काहीच नाही.

१९७३ च्या सुमारास चौघं एकत्र आले. गिटारवर जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकिरभाई, घटमवर विक्कू विनायकराम. मॅकलॉफलिन तेव्हा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' नावाच्या दणदणीत इलेक्ट्रिक बँडमुळे जगात गाजत होते. ते सगळं बाजूला ठेवून हा माणूस साधी गिटार घेऊन मांडी घालून खाली बसला. पहिला अल्बम १९७६ ला आला, तिसरा १९७७ ला, आणि मग बँड थांबला. जवळजवळ वीस वर्षं. १९९७ ला 'रिमेंबर शक्ती' नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा घटमवर विक्कूजी होते, पुढे त्यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला. मँडोलिनवर यू. श्रीनिवास होते. शंकर महादेवन २००० च्या आसपास आले. २०१४ ला श्रीनिवास गेले, अवघ्या पंचेचाळीसाव्या वर्षी, आणि पुन्हा सगळं थांबलं. ते परत जमले ते थेट २०२० च्या सुमारास, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन यांना घेऊन.

म्हणजे पन्नाशीच्या मंचावर पाच जण बसले होते, त्यातले पहिल्या दिवसापासूनचे दोनच. पहिला अल्बम आला तेव्हा शंकर महादेवन नऊ वर्षांचे होते. मग ते कुणाची पन्नाशी गात होते? चौथ्या श्लोकात अर्जुन अगदी हेच विचारतो. तुझा जन्म अलीकडचा, विवस्वानाचा फार आधीचा, मग सुरुवातीला तू सांगितलंस हे मी कसं समजू? तालमीत पेटीवर हात ठेवला की मलाही हाच प्रश्न पडतो. मंडळ निघालं तेव्हा मी चार वर्षांचा होतो. सत्काराच्या यादीत माझं नाव कसं?

या बँडने पन्नाशीला काय केलं तेही सांगण्यासारखं आहे. जुन्या हिट गोष्टींचा एक संग्रह काढून भागलं असतं. त्यांनी स्टुडिओत नवा अल्बम केला, १९७७ नंतरचा पहिला. नाव ठेवलं 'धिस मोमेंट'. पन्नास वर्षांच्या सोहळ्याला 'हा क्षण'! मला तो तिसऱ्या श्लोकातला 'आज' ऐकू आला. (मॅकलॉफलिननी गीता डोळ्यांसमोर ठेवून नाव दिलं असं मी म्हणत नाहीये हं, फॉरवर्ड करू नका.)

आता माझा अडलेला परिच्छेद.

मंडळात पखवाज तात्या वाजवायचे. घणसोलीला राहतात, तेही माथाडी, अण्णांच्याच टोळीत. अण्णांचा आवाज आणि तात्यांचा हात, लोक तेवढ्यासाठी यायचे. २०११ ला एका मोठ्या वास्तुशांतीला मंडळाला बोलावणं आलं आणि अण्णांनी जाड पाकीट घेतलं. आधी ठरलं होतं की भजनाचे पैसे घ्यायचे नाहीत, फार तर गाडीभाडं. तात्यांनी तिथेच, पंगतीत, विचारलं. अण्णा म्हणाले, नव्या पेटीला पैसे लागतात. तात्या म्हणाले, मग पेटी नको. एवढंच झालं. पुढच्या एकादशीला तात्या आले नाहीत, नंतर कधीच आले नाहीत. पखवाज नाही म्हणताना माणसं गळत गेली, तीन वर्षं मंडळ जवळजवळ बंद होतं. आणि ती नवी पेटी? तीच मी आज वाजवतोय.

मंडळातली मोठी माणसं म्हणतात, ते कशाला काढतोस, आनंदाचा प्रसंग आहे. स्मरणिकेच्या कच्च्या प्रुफात संस्थापक चारच आहेत. तात्यांचं नाव नाही, बंद पडलेली तीन वर्षंही नाहीत, 'अखंड पंचवीस वर्षं' असं छापलंय.

मोठ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कुणाला न दुखवणारं असावं, सत्य असावं, प्रिय आणि हितकर असावं. वाचायला छान वाटतं. पण सत्य आणि न दुखवणं एकाच वाक्यात मावत नसेल तर? आई अजून आहे. ती स्मरणिका देव्हाऱ्यात ठेवणार. तिने त्यात आपल्या नवऱ्याचं पाकीट वाचायचं का? स्मरणिका म्हणजे काही कोर्ट नव्हे. कुणाचं चुकलं ते पंचवीस वर्षांनी छापून काय मिळणार? हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं आणि बऱ्यापैकी पटलंही.

मग लक्षात आलं, की गप्प राहून मी ज्यांना जपतोय त्यांत तात्या नाहीतच. त्यांना तर पुसून टाकतोय. आईचंही निमित्तच आहे. आईला सगळं माहीत आहे, ती त्या पंगतीत वाढत होती! खरं म्हणजे मला त्या पेटीवर बसून गायचंय आणि ती कशी आली हे कुणाला आठवायला नकोय.

सप्ताहातला वीणेचा पहारा तुमच्यापैकी कुणी केलाय का? सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा सतरा वर्षांचा होतो, पहाटे तीनचा पहारा. देणारे सत्तरीचे आजोबा माझ्या पायाला हात लावायला वाकले आणि मी दचकून मागे सरकलो. ते म्हणाले, 'उभा रहा, तुझ्या नाही पडत.' अर्जुनाच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळाल्यासारखं वाटतं. माझा जन्म अलीकडचा आहे, पण या तासाला वीणा माझ्या गळ्यात आहे. मंचावर बसायला तेवढं पुरतं. फक्त ज्याच्या गळ्यातून आली, त्याच्या पाया पडायचं तेवढं चुकवता येत नाही. माझ्याकडे वीणा अण्णांकडून आली. आणि अण्णांच्या गाण्याला ताल तात्यांचा होता.

झाकिरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले. पन्नाशीचा दौरा संपून फार तर सव्वा वर्ष झालं असेल. त्या रात्री मी 'धिस मोमेंट' परत लावला होता. तात्यांचं वय आता अडुसष्ट आहे, आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय एवढंच मला कुणाकडून तरी कळलं होतं.

काल तालीम संपल्यावर प्रूफ उघडलं. 'अखंड' खोडलं. संस्थापक पाच केले. खाली लिहिलं की २०११ मध्ये बिदागी घेण्यावरून मतभेद झाले, ठरलेला नियम मंडळाने मोडला, आणि तीन वर्षं भजन बंद राहिलं. 'अण्णांनी' लिहायचं की 'मंडळाने', यावर अर्धा तास गेला. शेवटी 'मंडळाने' ठेवलंय. हे बरोबर की पळवाट, अजून नक्की नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तात्याला विचारलंस का?'

म्हणून आज दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावला. चौदा वर्षांनी. नाव सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पानाचं सांगितलं, छापायच्या आधी तुम्ही वाचावं म्हटलं. त्यावर हो नाही, नाही नाही. मग विचारलं, 'पखवाजाला कणीक कोण लावतं आता?' म्हटलं, एक नवीन मुलगा आहे, जास्त लावतो, आवाज बसतो. 'पातळ मळत असणार,' म्हणाले, आणि ठेवला.

रविवारी सकाळी घणसोलीला जातोय, दोन पानं घेऊन. त्या मुलालाही बरोबर नेतोय.

पाचवा श्लोक उद्या. राम कृष्ण हरी.