पेशंटचे तुम्ही कोण?

माहूरची कथा मुळात अंत्यसंस्काराची आहे. जमदग्नींची हत्या झाल्यावर परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह घेतला, दुसऱ्यात रेणुकामातेला बसवले आणि कोरी भूमी शोधत तो या डोंगरावर आला. दत्तात्रेयांनी आचार्यपद घेतले आणि क्रियाकर्म झाले. मातृतीर्थाशी आजही लोक उत्तरकार्यासाठी येतात. या देहाचा तू कोण, असे परशुरामाला कुणी विचारले नाही. मुलगा होता, तेवढे पुरले. समलिंगी जोडप्यांच्या हक्कांची चर्चा आपल्याकडे नेहमी लग्नमंडपापासून सुरू होते; ती खरे तर इथून, देह कुणाच्या ताब्यात द्यायचा इथून, सुरू व्हायला हवी.

माहूरहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. 2017च्या डिसेंबरअखेर यवतमाळच्या एका हॉटेलात एक सोहळा झाला. नवरदेव दोन. एक यवतमाळचाच, आयआयटी मुंबईत शिकून अमेरिकेत नोकरी करणारा. दुसरा त्याचा व्हिएतनामी वंशाचा जोडीदार. कलम 377 तेव्हा जिवंत होते. सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले ते पुढल्या वर्षी, 6 सप्टेंबर 2018 रोजी. पाच वर्षांनी केंद्र सरकारने त्याच न्यायालयात सांगितले, की विवाहाची ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. यवतमाळचे उदाहरण दाखवून हे म्हणणे खोडता येईल असे मला वाटत नाही. आयआयटी आणि अमेरिका म्हटल्यावर सरकारी वकील हसेल, आणि त्याचे हसणे अगदीच चुकीचे नसेल.

मग गणवेशातली माणसे पाहू. 1987 साली भोपाळमध्ये दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केले. दोघींची नोकरी गेली. त्यानंतर एकतीस वर्षांनी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका महिला शिपायावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली. बरीच दारे ठोठावावी लागली, पण नोकरी टिकली, कागदोपत्री पुरुष म्हणून नोंद झाली आणि पुढे एका मुलीशी रीतसर लग्नही झाले. शिपायाची नोकरी म्हणजे काही उच्चभ्रूपणा नव्हे. आणि या दोन प्रकरणांतला फरक निव्वळ काळाचाही नाही. शरीर बदलून ‘एक पुरुष, एक स्त्री’ या चौकटीत बसणाऱ्याला व्यवस्था उशिरा का होईना जागा करून देते; शरीर जसे आहे तसे ठेवून दोघी एकत्र राहू म्हणतात, तेव्हा रकानाच नसतो. विवाहाच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी दिलेल्या निकालातही हेच झाले. तृतीयपंथी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला आजच्याच कायद्यांखाली लग्न करता येते, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांना मात्र विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावरही एकमत. आणि विवाहाखेरीज एखादी कायदेशीर मान्यता द्यावी का, या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन असे नकारार्थी उत्तर आले. हे काम संसदेचे, असे बहुमताने ठरले. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, असे सरकारने सांगितले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी 2025मध्ये फेटाळल्या गेल्या.

समितीच्या हालचालींतून 2024च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तीन गोष्टी हाती आल्या. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे. बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तर जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. नातेवाईक उपलब्ध नसतील तर. ज्या भावाने पंधरा वर्षांपूर्वी उंबरा बंद केला, तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला की झाला उपलब्ध. पंधरा वर्षे डबा-औषध बघणारी मग बाकावर बसून राहते. नॉमिनीचेही तसेच. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये स्पष्ट केले, की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही. वारसांचा हक्क अबाधित राहतो. बँकेतल्या ठेवींचा न्याय वेगळा नाही. म्हणजे नॉमिनीने पैसे काढायचे आणि वारसांच्या हाती ठेवायचे. मृत्युपत्र करून ठेवले तर वाट निघते, हे खरे. पण आपल्याकडे सातबारा नावावर असलेल्या किती माणसांनी मृत्युपत्र केलेले असते? ते नसेल तर 1956चा हिंदू वारसा कायदा लागू होतो आणि त्यातल्या वारसांच्या लांबलचक यादीत जोडीदाराला कुठेच स्थान नाही.

राहिले रेशनकार्ड. मुंबई-पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी या सवलतीची थोडी चेष्टा केली: मागितले लग्न, मिळाले गहू-तांदूळ. मला ही चेष्टा पटत नाही. माहूर-किनवटच्या बाजूला रेशनकार्ड म्हणजे फक्त धान्य नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायचे तर कार्डावरचे कुटुंब बघतात, आणि कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण त्यावर लटकलेले असते. गंमत अशी, की 2013चा अन्न सुरक्षा कायदा या जोडप्यांपुढे अडखळत नाही. घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख. स्त्री नसेल तर सर्वांत वडील पुरुष. दोघींचे घर असो की दोघांचे, प्रमुख कोण ते कलमातच लिहिलेले आहे. दक्षिण कोरियात समलिंगी विवाह नाही, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2024 रोजी आरोग्यविम्यात जोडीदाराला आश्रित म्हणून हक्क दिला. फरक एवढाच, की तो हक्क आहे आणि आपला सल्ला आहे. सल्ला मानायचा की नाही हे पुरवठा निरीक्षकाच्या मर्जीवर.

आशियात या प्रश्नाची एकच वाट नाही. तैवानमध्ये न्यायालयाने दोन वर्षांची मुदत दिली आणि 24 मे 2019ला कायदा लागू झाला. थायलंडच्या संसदेने कायदा केला, तो 23 जानेवारी 2025पासून अमलात आला. हाँगकाँगमध्ये न्यायालयाने सांगूनही विधिमंडळाने सप्टेंबर 2025मध्ये विधेयक पाडले. मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो नेपाळ. सर्वोच्च न्यायालयाने जून 2023मध्ये अंतरिम आदेश दिला, की अशा विवाहांची वेगळी नोंद ठेवा. काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने तरीही एका जोडप्याला परत पाठवले. अखेर नोव्हेंबरअखेर नोंद झाली ती लमजुङ जिल्ह्यातल्या एका गाउँपालिकेत. म्हणजे जवळजवळ आपल्या ग्रामपंचायतीत.

अशा नोंदीला लग्न म्हणा असा माझा हट्ट नाही. एक वही हवी, तिच्यात दोन नावे हवीत आणि ती दाखवली की दवाखाना, बँक, तलाठी यांनी पुढचा प्रश्न विचारू नये. दुय्यम दर्जा एकदा स्वीकारला की तो कायमचा चिकटतो, हा यावरचा आक्षेप मोलाचा आहे. डेन्मार्कने 1989मध्ये नोंदणीकृत सहजीवनाला मान्यता दिली आणि विवाहापर्यंत यायला 2012 उजाडले. इटली 2016 पासून त्याच पायरीवर बसून आहे. तरीही बाकावर बसलेल्या त्या बाईला तत्त्वासाठी आणखी तेवीस वर्षे थांब म्हणण्याचा अधिकार मला नाही.

संसदेची वाट बघण्याचीही सक्ती नाही. विवाह आणि वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994मध्ये केली. केंद्राला ती करायला 2005 लागले. सहजीवन नोंदणीचे विधेयक मुंबईत मांडता येईल. त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळवणे अवघड जाईल, हे कबूल. पण रेशनकार्डाच्या सल्ल्याचे बंधनकारक शासन निर्णयात रूपांतर करायला आणि मृतदेहाच्या ताब्यासाठी रुग्णाने हयातीत लिहून दिलेले नाव आधी बघावे, असे सरकारी रुग्णालयांना कळवायला विधेयक लागत नाही. त्याला मंत्रालयातल्या दोन विभागांच्या सचिवांच्या सह्या लागतात.