मेंदूचा अभ्यास आणि माणसाचा न्याय

बारावीनंतर काय, या प्रश्नाला आपल्या घरांतून पूर्वी डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक अशी ठरावीक उत्तरे मिळत. अलीकडे काही मुले न्यूरोसायन्सचे, म्हणजे मेंदूविज्ञानाचे, नाव घेऊ लागली आहेत. परदेशांतील अनेक विद्यापीठांत या विषयाची स्वतंत्र पदवी घेता येते. आपल्याकडे बहुधा जीवशास्त्र, मानसशास्त्र किंवा वैद्यक यांच्या वाटेने पुढे जाऊन बंगळुरूची निम्हान्स किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा संस्था गाठाव्या लागतात. आईवडिलांना तेव्हा दोन प्रश्न पडतात. पोटापाण्याचे काय, हा पहिला. त्याचे उत्तर जाणकारांनी द्यावे. दुसरा प्रश्न मात्र ते धर्मगुरूकडेच आणतात: “फादर, सारे काही मेंदूच करतो असे शिकल्यावर आत्मा कुठे उरणार? आणि पापपुण्य तरी कुठे उरणार?”

प्रश्न अस्थानी नाही. या विषयाच्या विद्यार्थ्याला आरंभीच दोन माणसांची ओळख करून दिली जाते. फिनियस गेज हा अमेरिकेतील रेल्वेमार्गावरचा मुकादम. १८४८ साली सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो जगला; परंतु पूर्वीचा समंजस माणूस उद्धट व लहरी झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. दुसरा हेन्री मोलेसन. १९५३ साली फेफऱ्यावरील शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूचा काही भाग काढण्यात आला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत नव्या घटनांची आठवण त्याच्या मनात टिकू शकली नाही. ज्याला आपण ‘स्वभाव’ म्हणतो, ज्याला ‘स्मृती’ म्हणतो, ते मेंदूच्या इतके अधीन असेल, तर कोवळ्या वयाचे मन गोंधळणारच.

परंतु आत्मा म्हणजे कवटीत राहणारा भाडेकरू, ही कल्पना ख्रिस्तसभेची नव्हेच. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, शरीरातील संबंधित इंद्रियाला इजा झाली तर माणसाला पूर्वी शिकलेल्या गोष्टींचाही विचार करता येत नाही. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने आत्मा व शरीर ही एकमेकांवर ठेवलेली दोन वस्तू नसून आत्मा हाच शरीराला मानवी शरीरपण देतो, या अर्थाची शिकवण दिली. मेंदूला जखम झाली की विचाराला जखम होते, हे ऐकून श्रद्धावंताने दचकण्याचे कारण नाही.

निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाचे उदाहरण येथे आठवते. १६६५ साली पॅरिसमध्ये मेंदूवर व्याख्यान देताना त्यांनी प्रारंभीच आपले अज्ञान मान्य केले. मेंदूतील एका लहानशा ग्रंथीला देकार्तने आत्म्याचे मुख्य आसन मानले होते. तिच्याविषयीचे त्याचे वर्णन प्रत्यक्ष विच्छेदनाशी जुळत नाही, हे स्टेनो यांनी दाखवून दिले. पुढे १६६७ साली ते कॅथलिक झाले, नंतर बिशप झाले, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. मेंदूची सुरी हाती धरल्याने त्यांची श्रद्धा कापली गेली नाही.

आता पापपुण्याचा प्रश्न. १९८३ साली बेंजामिन लिबेट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हात हलवण्याची इच्छा आपल्याला जाणवते, त्याच्या सुमारे एक-तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली असते, असे त्यात दिसले. यावरून काहींनी इच्छास्वातंत्र्य हा भ्रम ठरवला. खुद्द लिबेट यांनी तसे मानले नाही. सुरू झालेली कृती रोखण्याचा अवकाश माणसाला उरतो, असे त्यांचे मत होते. त्या हालचालीच्या अर्थाविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. शिवाय, हात हलवणे वेगळे आणि वडिलार्जित जमिनीवरून दहा वर्षे अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाणे वेगळे. त्या दाराकडे जाण्यापूर्वी माणूस महिनोन्‌महिने स्वतःशी झगडतो. तो झगडा मेंदूतच चालतो, हे खरे; म्हणून तो त्याचा नसतो, असे मात्र नव्हे.

तरीही या विद्येपासून आपण काही शिकलेच पाहिजे. व्यसनात मेंदूची सुखाची यंत्रणाच बदलून जाते. नैराश्य हा आळस नव्हे, आजार आहे. हे ठाऊक असताना “मनावर घेतले असते तर दारू सुटली असती” हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ख्रिस्तसभेने स्वतः या बाबतीत वाट बदलली आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत, बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यांना धार्मिक अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेने ती वगळली. भय, सवय, मनोविकार यांमुळे माणसाची जबाबदारी घटू शकते, हे आपली धर्मशिकवण स्पष्टपणे सांगते. असे दुःख सोसलेले घर बहुतेक धर्मग्रामांत असते. त्या घराकडे शेजारी कोणत्या नजरेने पाहतात, यावर ते घर पुन्हा मिस्साला येणार की नाही, हे पुष्कळदा ठरते.

धोका वेगळाच आहे. हेच ज्ञान आपण उलट्या बाजूने वापरतो. स्वतः चुकलो की “माझा स्वभावच तसा” म्हणून मोकळे होतो. दुसरा चुकला की त्याला पूर्ण जबाबदार धरतो. मेंदूविज्ञानाचे योग्य फलित याच्या नेमके विरुद्ध असावे: दुसऱ्याचा न्याय करताना त्याच्या मेंदूवरील ओझ्याची आठवण ठेवावी, आणि स्वतःचा न्याय करताना आपल्या हाती जेवढे स्वातंत्र्य उरले आहे तेवढ्याचा हिशेब द्यावा. थोडे स्वातंत्र्य उरलेल्या माणसाने टाकलेले एक पाऊलही देवाच्या नजरेत लहान नसते.

तेव्हा पालकांनी मुलामुलींना खुशाल या वाटेने जाऊ द्यावे. शिकून घरी आल्यावर आत्म्याविषयी त्यांची उलटतपासणी करत बसू नये. शेजारच्या घरातील व्यसनी तरुणाविषयी, भ्रमिष्ट झालेल्या आजीविषयी ती कशी बोलतात, एवढे ऐकावे. त्या बोलण्यात करुणा वाढलेली दिसली, तर शिक्षण योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.