आतलं कुसू कुणाला दिसतं?

आज गीतेच्या १८व्या अध्यायातला ४६वा श्लोक. आपल्या कामानेच देवाची पूजा होते, असं तो सांगतो. माउली तर तिथे कर्मालाच फुलं म्हणतात.

जुन्या वाड्यातली दाराची चौकट आठवा. एका लाकडाला साधारण एक तृतीयांश जाडीचं कुसू काढायचं, दुसऱ्यात पटाशी-मोगरीने तेवढीच खाच. सैल झालं तर सांधा हलतो, फार घट्ट ठोकलं तर लाकूड तडकतं. बसल्यावर आतलं काहीच दिसत नाही. याला पूजा म्हणणं सोपं आहे.

पण चाकणच्या पॅकिंगच्या लाकूडकामाचं काय? तिथे खाच नाही, खिळे. परदेशी जाणाऱ्या पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवायचं, शिक्का मारायचा, की निघालं. पुढे बरेचदा भंगारात. ही फुलं कमी प्रतीची?

मला नाही वाटत. श्लोकात टिकाऊपणाची अट नाहीये. पॅलेटला कुसू काढत बसणं ही हौस झाली, भक्ती नव्हे. पण चिरलेली फळी दुसरीखाली लपवून खिळा मारला, तर? माल उचलणाऱ्याच्या डोक्यावर तो भार येतो. (आमच्या कोडमध्येही अशा फळ्या सापडतात, असो.)

आणि मुकादमच म्हणाला, चिरलेली वापर, तर रोजंदारीवरच्या माणसाने पूजा कशी करायची? एसीत बसून मी त्याला उपदेश करणं शोभत नाही. शिवाय स्वस्त फळी मागवणारा मुकादमाच्याही वर बसलेला असतो, आणि श्लोक त्यालाही लागू आहे.