पूर्वपक्षाला जागा



कीर्तनाला उभे राहण्याआधी गुरू एक गोष्ट शिकवतात. सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की विरोधक समोर बसला असता तर 'हेच माझे म्हणणे' म्हणून त्याने मान डोलवली असती. पूर्वपक्ष लंगडा केला की उत्तरही लंगडे पडते, आणि श्रोत्यांना ते बरोबर कळते.

कॉलेज हे पूर्वपक्ष ऐकण्याचे ठिकाण. आमच्या विलेपार्ल्यात साठये, डहाणूकर, मिठीबाई आहेत. सकाळी स्टेशनपासून मुलामुलींची रीघ लागते. ही कॉलेजे ज्या मुंबई विद्यापीठाची, तिथे २०१० साली द्वितीय वर्ष बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही इंग्रजी कादंबरी काढून टाकण्यात आली. १९७१च्या मुंबईतल्या एका पारशी बँक कारकुनाची ती गोष्ट. पुस्तक १९९१चे, लेखक याच विद्यापीठात शिकलेला. शिवसेना आणि मराठी माणसे यांच्याविषयी त्यात अपमानकारक मजकूर आहे, असा भारतीय विद्यार्थी सेनेचा आक्षेप होता. प्रती जाळल्या गेल्या, आणि कुलगुरूंनी पुस्तक मागे घेतले.

मराठी माणसाला वाईट वाटू नये, असे मी म्हणणार नाही. पण पात्राच्या तोंडचे बोलणे हेच लेखकाचे मत असे धरले, तर आमचे कीर्तन एक दिवस चालायचे नाही. मंबाजीचे आख्यान लावायचे तर मंबाजीच्या तोंडी विष घालावेच लागते. तो गोड बोलू लागला तर तुकोबांची शांती दिसणार कशी? आणि वर्गात तर शिक्षक समोर असतात. ज्याला राग आला त्याने उठून विचारावे, निबंधात झोडपून काढावे. पुस्तकच नेले, तर झोडपणार कशाला?

आता थोडे आपल्या घरात पाहू. गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, हा प्रसंग सांगताना आजही श्रोत्यांचे डोळे भरतात. ज्यांच्यामुळे ती बुडाली ते रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. तुकोबांची जी आरती आपण म्हणतो, ती त्यांच्याच नावाची. विरोधकाला वाणी ऐकायला मिळाली, म्हणून तो बदलला.

आणि त्याच तुकोबांवरची आनंद यादव यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी आली, तेव्हा आपण काय केले? चित्रण खटकले, हे खरे. खटकावे असेच ते अनेकांना वाटले. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली, आणि २००९च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी सोडले. संमेलन अध्यक्षाविना झाले. आपल्यात गाथेचे एवढे अभ्यासक. एकेक पान घेऊन, अभंगांचे प्रमाण देऊन, महिनाभर फडाफडांवर उत्तर देता आले असते. तसे उत्तर झाले असते तर ते आज कॉलेजात शिकवायच्या योग्यतेचे ठरले असते.

पार्ल्याच्या कॉलेजात मराठी साहित्य शिकणारी एखादी माळकरी घरची मुलगी आज विचारील, "महाराज, त्या कादंबरीत नेमके खोटे काय होते?" तिला पान उघडून दाखवता येत नाही. वारकरी रागावले होते, एवढेच सांगता येते.