बाळ रजिस्टरात, माय सोंगणीला

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. त्यांतला एक मेळघाटातला धारणी. लहान वयातच मूल सावरावं, हा विचार सरकारी कागदावर उतरला तेव्हापासून अमरावती जिल्हा त्यात आहे. तरीही 1993 साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, आणि त्यानंतरही पावसाळा लागला की तशीच बातमी छापून येत राहिली. योजना कमी पडल्या, असं मात्र कोणी म्हणू नये.

गाडी कुठे अडते ते दिवाळीच्या आसपास दिसतं. सोयाबीनची सोंगणी, मग कपाशीची वेचणी. मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं डोंगर उतरून परतवाडा, अकोट, तेल्हाऱ्याकडे कामाला येतात. कित्येक जण होळीलाच घरी परततात. बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात, आणि बाळ अकोला जिल्ह्यातल्या कुठल्याशा धुऱ्यावर, साडीच्या झोळीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. आशाताईच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला ठरलेल्या. ती दारात येते तेव्हा घर बंद.

अशा कुटुंबांचा माग राहावा म्हणून राज्याने महा-एमटीएस अॅप काढलं. अॅपवर ठावठिकाणा कळेल, पण वजनकाटा आणि खाऊ शेतातल्या झोपडीपर्यंत न्यायला माणूसच लागतो.

दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित धरतात. मग पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे मुक्काम, आईसह. तिला बुडीत मजुरी मिळते, ही मोठीच सोय. पण घरी दुसरं लेकरू, बकऱ्या, थकलेली सासू, त्यांचं काय? चौथ्या दिवशी ती पोर कडेवर घेऊन निघाली की तिला अडाणी म्हणून सगळे मोकळे होतात! खरं तर हिशेब तिचाच पक्का असतो.

उतावलीच्या ‘महान’ संस्थेचे डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी वेगळी वाट धरली: गावातल्याच बायांना शिकवायचं आणि न्यूमोनिया, हगवणीचे उपचार घरापर्यंत पोचवायचे. दूर जमैकातही मदत अशीच दारापर्यंत गेली. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1986-87 मध्ये वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, आरोग्यसेविका जाई. घरीच केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळावं, काय बोलावं, हे आईला दाखवी. बाविशीत या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त भरली.

वऱ्हाडात मजुरांच्या झोपडीपर्यंत अशी मदत न्यायला नवं खातं नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथकं आहेत, त्यांत डॉक्टर आहेत, गाडी आहे. वर्षातून दोनदा ती अंगणवाड्या तपासतात. अकोट-तेल्हाऱ्याच्या पथकाने एक फेरी वेचणीच्या दिवसांत, संध्याकाळी मजूर झोपडीवर परतल्यावर ठेवावी आणि मुलाचं वजन धारणीच्या अंगणवाडीताईला त्याच रात्री फोनवर कळवावं.